मटक्याचं अर्धं तिकीट

माझी मोठी बहीण एसटीत मटक्याचं अर्धं तिकीट मागायची.

चेष्टा नाही. पारशिवनीहून नागपूरला माझ्याकडे यायची तेव्हा तिच्या मांडीवर जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळलेला मातीचा मटका असायचा. कपड्यांची पिशवी टपावर गेली तरी तिला चालायचं. पोरं मागच्या सीटवर कुणाच्याही मांडीवर बसली तरी चालायचं. मटका मात्र तिच्याजवळच. कंडक्टर म्हणायचा, "बाई, हे सामान टपावर टाका."

"सामान नोय हे. मटका हाय."

"मटका सामानच असते."

"टपावर फुटला तर तू आणून देशीन का गा?"

"अवं बाई, पण तुम्ही दोन माणसांची जागा अडवून राहिल्या."

"मंग त्याचं अर्धं तिकीट फाड. बारा वर्साच्या आतलाच हाय तो."

एकदा एका कंडक्टरनं खरंच फाडलं. कंटाळून फाडलं असेल. पण त्याचा परिणाम असा झाला की तिनं ते तिकीट बटव्यात जपून ठेवलं आणि पुढं कित्येक वर्षं येणाऱ्या प्रत्येक नव्या कंडक्टरच्या नाकासमोर धरलं. "हे पाह्य. मागच्यानं फाडलं. तुले काहून जमत नाही?" एकदा मी त्या गाडीत तिच्या शेजारी होते. सगळी गाडी हसत होती आणि मी खिडकीबाहेर पाहत बसले होते, जशी काही या बाईची अन् माझी ओळखच नाही.

तिचं नाव गिरजा. मी तिला अक्का म्हणायची. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. माझं नाव कुसुम, पण तिच्या तोंडी ते शेवटपर्यंत कुसमे असंच राहिलं, माझ्या व्याह्यांसमोरसुद्धा.

मटका कशासाठी, ते सांगते. आमच्याकडे लंबी रोटी करतात. ही रोटी लाटत नाहीत. चुलीवर मटका पालथा घालायचा, खाली पऱ्हाट्यांचा जाळ. पऱ्हाट्या म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं. त्यांचा जाळ पातळ आणि सारखा लागतो. गव्हाचं पीठ फडक्यातून गाळून घ्यायचं, मिठाच्या पाण्यात सैल भिजवायचं आणि परातीत आपटून आपटून असं करायचं की गोळा उचलला तर तो हातातून ओघळत खाली यावा, पण तुटू नये. मग तो गोळा या हातावरून त्या हातावर घेत घेत कोपरापर्यंत लांबवायचा आणि एका झटक्यात मटक्यावर पसरायचा. उपरण्याएवढी रोटी होते. उन्हाळ्यात ती आंब्याच्या रसाबरोबर खातात. लग्नात ती झाली तर लोक नवरीचं नाव विसरतात, रोटी विसरत नाहीत.

अक्काची रोटी अशी व्हायची की ती चेहऱ्यासमोर धरली तर पलीकडचा माणूस ओळखू यायचा. हीच तिची परीक्षा होती. नुसता उजेड दिसून भागत नसे, माणूस दिसला पाहिजे, आणि कोण ते कळलं पाहिजे.

आई होती तोवर मटक्यामागची जागा आईची होती. आई गेली आणि ती जागा अक्काची झाली. माझी जागा परातीपाशी. दळायचं मी, गाळायचं मी, आपटायचं मी, डोळे चोळत जाळ सारायचा मी. शेवटचा झटका तेवढा तिचा. आणि पंगतीत लोक म्हणणार, "गिरजाबाईचा हात म्हणजे हात!" पीठ आपटून माझे खांदे भरून यायचे, त्या खांद्यांचं नाव कुणी काढलं नाही. मला आयुष्यात तिच्याकडून दुसरं काही नको होतं. एकदा, एका लग्नात, मला मटक्यामागं बसायचं होतं. ते तिनं वीस वर्षं होऊ दिलं नाही. का, ते पुढं सांगते. त्यात माझी चूक होती, हे आधीच कबूल करते.

अक्काचं एक वाक्य होतं. "मी होती म्हणून." आमच्या खानदानात जे काही बरं झालं ते ती होती म्हणून झालं. गल्लीत नळ आला, ती होती म्हणून. माझ्या नवऱ्याला रेल्वेत पक्की नोकरी लागली, तीही ती होती म्हणून. कारण मुलाखतीला निघताना तिनं त्याला दहीसाखर दिली होती. मी चौथी पास झाले. आमच्या गल्लीत तेव्हा चौथी पास मुली दोन. मास्तरांनी घरी येऊन बाबांना सांगितलं, पोरगी हुशार आहे. बाबांनी काही म्हणायच्या आत अक्का आतून म्हणाली, "मी होती म्हणून शिकली."

आता हे खरं आहे. आई संत्र्याच्या बाजारात पेट्या भरायला जायची, बाबा गिरणीत. घरात धाकटे दोघं. त्यांना सांभाळायला कुणी तरी पाहिजे होतं. अक्का थांबली म्हणून मी पाटी घेऊन गेले. ती शाळेची पायरी चढली नाही. पण खरं असलं म्हणून काय रोज ऐकायचं? आणि पाचवीत मी का गेले नाही, ते कोण होतं म्हणून झालं, हे तिनं कधी सांगितलं नाही. तिचं लग्न होऊन ती पारशिवनीला गेली आणि धाकट्यांना सांभाळायला मी घरी बसले. एवढंच.

माझं लग्नही ती होती म्हणून जमलं. पाहुणे खरं तर आमच्याकडे आलेच नव्हते. ते शेजारच्या घरची मुलगी पाहायला आले होते आणि दार विचारत उभे होते. अक्का माहेरी आलेली, दारात तांदूळ निवडत बसली होती. तिनं त्यांना सरळ आत घेतलं, चहा पाजला, आणि मी बाहेरून सरपण घेऊन आले तशी मला त्यांच्यासमोर उभी केली. "हे पाहा. चौथी पास हाय." शेजारीण पुढं दोन वर्षं आमच्याशी बोलली नाही. नंतर नवऱ्याशी माझं वाजलं की मी अक्काला म्हणायची, "बघ, तू होतीस म्हणून." तेव्हा मात्र ती म्हणायची, "नशीब असते वं ज्याचं त्याचं."

आता माझी चूक.

लग्न होऊन दीड-दोन वर्षं झाली असतील. म्हणजे साठ सालानंतरचीच गोष्ट. माझ्या सासरी पहिल्यांदाच मोठं जेवण होतं आणि रोट्या करायला अक्का तिचा मटका घेऊन आली होती. आईचा मटका. तीस-चाळीस रोट्या झाल्या, माणसं जेवली, सासूबाईही खूश. अक्का हात धुऊन शेजारी कुणाशी तरी बोलायला गेली. मी आवरायला लागले. मटका पाहिला. काळाकुट्ट. कडेला करपलेलं पीठ चिकटलेलं. सासूबाईंना स्वच्छतेचं फार होतं. मला वाटलं, बहीण येईपर्यंत लख्ख करून ठेवावा. मी राख घेतली, आणि बादलीतलं पाणी त्याच्यावर ओतलं.

मटका अजून गरम होता. टक् असा एकच आवाज आला. बुडापासून काठापर्यंत रेघ गेली.

अक्का आली. रेघ पाहिली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"धुतला?"

"हो."

"मटका धुतला?"

"काळा झाला होता, अक्का."

"अवं, तो काळाच असते."

रोटीचा मटका धूत नाहीत. फडक्यानं पुसतात. त्याच्यावर वर्षानुवर्षं मीठपाण्याचं आणि पिठाचं जे बसतं, त्याच्यावरच रोटी सुटते. हे मला माहीत होतं. लहानपणापासून पाहिलं होतं. पण सासरी चांगलं दिसायच्या नादात माणूस माहेरचं शहाणपण विसरतो.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन कुंभाराकडे गेली. सकाळी गेलो ते उन्हं डोक्यावर येईपर्यंत. प्रत्येक मटक्यावर ती बोटाच्या गाठीनं वाजवायची, कान लावायची आणि बाजूला सारायची. कुंभार शेवटी म्हणाला, "बाई, मटका पाहून राहिली का जवाई?"

"जवाई खराब निघाला तर पोरगी वापस येते," अक्का म्हणाली. "मटका खराब निघाला तर पंगत उपाशी उठते."

मटका मिळाला. पण त्या दिवसापासून मटक्यामागची जागा मला बंद. आणि तेवढ्यावर भागलं नाही. पुढं जिथं जिथं आम्ही लग्नात रोट्या करायला बसलो, तिथं तिथं तिनं माझी ओळख अशीच करून दिली: "हे माही लहान बहीण. हिनं मटका धुतला होता." ऐकणाऱ्या बाया माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मी कुणाचं लेकरू विहिरीत टाकलं. मला मुलं झाली, माझे केस पिकायला लागले. ओळख तीच.

तिच्या तोंडाला कुठलीच लाज नव्हती, विशेषतः रोटीच्या बाबतीत. नागपूरच्या कडेला, हुडकेश्वरला एका लग्नाला गेलो होतो. तेव्हा तिकडे सगळी शेतंच होती. अक्का पाहुणी म्हणून पंगतीला बसलेली. रोट्या दुसऱ्या कुणी केल्या होत्या. तिच्या पानात रोटी पडली. तिनं ती उचलली, दोन्ही हातांनी उलगडून डोळ्यांसमोर धरली आणि भर पंगतीत म्हणाली, "अवं, माह्या समोर कोण बसलं हाय? मले काही दिसून नाही राहिलं." समोर नवऱ्या मुलाचा काका बसला होता. तो म्हणाला, "मी हाय, बाई." सगळी पंगत हसली. ज्या बाईनं रोट्या केल्या होत्या ती आत जाऊन रडली.

परत येताना मी तिला धरलं. "काय गरज होती? खाल्ली असती मुकाट्यानं."

"मंग का खोटं बोलू?"

"न बोललं तरी चालते, अक्का."

"दुसऱ्या कशातबी खोटं बोलीन. रोटीच्या बाबतीत मी खोटं नाही बोलत."

हे वाक्य मी लक्षात ठेवलं.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमाराला माझ्या रंजनाचं लग्न ठरलं. मुलगा कळमेश्वरचा, तिथल्या कारखान्यात कामाला. माणसं चांगली. फक्त मुलाची एक आत्या होती. प्रत्येक लग्नात अशी एक बाई असते, जी जेवायला येत नाही, तपासायला येते. बोलणी करायला आलेली ती आत्या म्हणाली, "तुमच्या नागपुरात आता हाताची रोटी कोण करते म्हणा. सगळे पुरीवर भागवतात."

मी काही बोलायच्या आत अक्का म्हणाली, "माह्या भाचीच्या लग्नात पुरी? तुमच्या एकेका माणसाच्या पानात माह्या हातची रोटी पडन."

"पाहू," आत्या म्हणाली.

वराकडची ऐंशीच्या वर माणसं येणार होती. मी अक्काकडे पाहिलं. तिनं पाहिलंच नाही.

लग्नाच्या चार दिवस आधी ती आली. मी बसस्टँडवर घ्यायला गेले होते. मे महिना, डांबर वितळत होतं. अक्का मटका छातीशी धरून एसटीच्या पायऱ्या उतरत होती. शेवटच्या पायरीवर तिचा पाय लुगड्यात अडकला. पडताना माणूस हात टेकतो. तिनं डाव्या हातानं मटका वर धरला आणि सगळं अंग उजव्या हातावर घेतलं. मी धावले. ती डांबरावर आडवी पडली होती, उजवं मनगट भलत्याच बाजूला वळलेलं, आणि डाव्या हातात मटका अजून अधांतरी.

"अक्का, हात!"

"हात जाऊ दे. मटका पाह्य वं, तडकला का?"

मटक्याला काही झालं नव्हतं. दवाखान्यात हाताला कोपरापर्यंत पलस्तर चढलं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे. अक्का म्हणाली, "चार दिवसांनी काढता नाही येणार का?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "पुरी सांगून टाकू. झालं." अक्का कोपऱ्यात बसली होती. पलस्तराच्या हाताकडे पाहत. मला ते पाहवेना. म्हणजे दया आली असं नाही. ती गप्प बसली की घरात काहीतरी मोडल्यासारखं वाटायचं. आणि ती आत्या माझ्या डोळ्यांसमोर होती. रंजना जन्मभर त्या घरात राहणार होती. पहिल्याच दिवशी पुरी पडली असती तर आत्यानं ती पुरी पोरीला म्हातारपणापर्यंत ऐकवली असती.

मी म्हणाले, "मी करते."

अक्का म्हणाली, "तू मटका धुशीन."

"वीस वर्षं झाली त्याला."

"मटक्याले वीस वर्स काय अन् दोन दिवस काय."

"मग शेजारच्या शकुंतलाबाईला बोलावू?"

शकुंतलाबाई गल्लीत रोट्या करायच्या. अक्का त्यांच्या रोटीला गोधडी म्हणायची. तिनं डाव्या हातानं मटका माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "पीठ आण."

तीन दिवस तिनं मला छळलं. दुसरा शब्द नाही. मी चुलीपाशी, ती माझ्यासमोर खुर्चीवर. पलस्तराचा हात गळ्यात आणि डाव्या हातात एक पऱ्हाटी. माझं कोपर वर गेलं की पऱ्हाटी कोपरावर बसायची. "कोपर खाली. कोपर! अवं, झेंडा उभारून राहिली का?" मी बेचाळीस वर्षांची, पोरीचं लग्न तोंडावर, घरात पाहुणे, आणि मी लहान मुलीसारखी मार खात होते. रोटी फाटायची, मटक्याला चिकटायची, गोळा होऊन राखेत पडायची. गल्लीतल्या बकऱ्यांना कळलं होतं. त्या सकाळपासून दारात येऊन उभ्या राहायच्या.

जी रोटी कशीबशी धड निघायची, ती अक्का मला माझ्याच तोंडासमोर धरायला लावायची आणि पलीकडून विचारायची, "कोण हायेस वं तू?"

"अक्का, पुरे."

"ओळखू नाही येऊन राहिली. पाव्हणी हाय का कोणी?"

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एका रोटीतून तिनं बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "नाक दिसलं." तीन दिवसांतली तेवढीच शाबासकी.

लग्नाच्या दिवशी सकाळी सातला मी मटक्यामागं बसले. अंगणाच्या कडेला तट्टे उभे करून आडोसा केला होता, म्हणजे धूर मांडवात जाऊ नये. अक्का माझ्यासमोर खुर्चीवर. परातीपाशी माझी जाऊ. मांडवात बुद्धवंदना सुरू झाली तशी अक्का उठून गेली. रंजना पांढऱ्या साडीत उभी होती, ते मी तट्ट्याच्या फटीतून पाहिलं. नवरीची आई आणि आपल्या पोरीचं लग्न फटीतून पाहते. सगळ्यांबरोबर अक्कानंही पंचशील म्हटलं. हात जोडता येईना, म्हणून एकच हात छातीशी धरून म्हटलं. खोटं बोलणार नाही, हेही त्यात येतं. मग ती परत येऊन खुर्चीवर बसली.

मी रोट्या टाकत होते. पहिल्या दहा-बारा वाईट गेल्या. जाड, कडा तुटलेल्या. मग हात बसला. मग मध्येच परत बिघडला. तेव्हा मी एक केलं, जे कुणाला सांगितलं नाही. चुलीशेजारी चिंचोके पडले होते. जी रोटी हातावरून लांबताना तिच्यातून मला समोरच्या खुर्चीवरची अक्का ओळखू येईल, त्या रोटीला एक चिंचोका मी ओच्यात टाकायची. सगळ्या रोट्या मात्र एकाच टोपल्यात जात होत्या, चांगल्या आणि वाईट एकावर एक. शहाऐंशी रोट्या केल्या. ओच्यात त्रेचाळीस चिंचोके होते.

वराकडची पंगत बसली. अक्का मांडवात गेली. मी चुलीपाशीच राहिले. घामानं भिजलेली, हातांवर चटके, साडी राखेनं भरलेली, अशी कुठं जाणार होते? पण तट्ट्यापलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

पहिल्यांदा कौतुक ऐकू आलं. मग आत्याचा आवाज. तिच्या पानात नेमकी जाड रोटी पडली होती. "काहो गिरजाबाई," ती म्हणाली, "हे रोटी हाय का घडी केलेलं पोतं? कोणी केली वं हे?"

मला माहीत होतं आता काय येणार. 'हिनं केली. हिनं मटका धुतला होता.' मी चुलीकडे पाहत बसले. रंजना आत्याच्या समोरच बसली असणार.

अक्का म्हणाली, "म्या केली."

"तुम्ही? तुमचा हात तर पलस्तरात हाय."

"मंग? दुसरा हाय ना."

"एका हातानं?"

"एका हातानं. म्हणून काही काही जाड आल्या. ज्या पातळ आल्या त्याबी माह्याच. आता एका हाताची बाई याच्याहून काय करन?"

एका हातानं लंबी रोटी होत नाही. ते पीठ एका हातावर ठरतच नाही. ज्यानं कधी ती केली आहे त्याला हे माहीत आहे. पण आत्यानं आयुष्यात कधी केली नसावी. मांडवात सगळीकडे कुजबुज सुरू झाली. "एका हातानं!" "माय वं!" कुणीतरी आणखी एक रोटी मागितली. कुणी ती उलगडून डोळ्यांसमोर धरली. "दिसते! समोरचा माणूस दिसते!" ती माझ्या त्रेचाळिसांतली होती. आत्या स्वतः उठून अक्काच्या पाया पडली. हे मी फटीतून पाहिलं.

अक्का आत आली तेव्हा मी तिला म्हणाले, "रोटीच्या बाबतीत तू खोटं बोलत नाहीस ना?"

ती खुर्चीवर बसली. डाव्या हातात पदर धरून वारा घेतला. म्हणाली, "मी होती म्हणून निभावलं. चहा ठेव."

मी चहा ठेवला. काय करणार? पोरीचं सासर सांभाळलं गेलं होतं. रंजनाला त्या घरात रोटीवरून कधी कुणी बोललं नाही. उलट 'एका हातानं रोट्या करणाऱ्या बाईची भाची' म्हणून तिचा मान राहिला. पण वीस वर्षं मी ज्या जागेसाठी थांबले होते, तिथं बसले, शहाऐंशी रोट्या केल्या, आणि त्या सगळ्या तिच्या नावावर गेल्या. वाईट गेल्या ते ठीक. चांगल्याही गेल्या. आजही कळमेश्वरकडचं कुणी भेटलं की मला सांगतं, तुमची बहीण काय बाई होती. मी हो म्हणते. ऐकून ऐकून आता मलाही कधी कधी वाटतं, तिनंच केल्या असतील.

नंतर ती फारशी नागपूरला आली नाही. मनगट वाकडंच बसलं. मटका ती गेल्यावर सुनेकडे राहिला. सुनेनं तो घासून लख्ख केला, असं ऐकलं. बोलायचा अधिकार मला नव्हता.

मला ती आठवते ती लग्नानंतरच्या चौथ्या दिवसाची. मी तिला पारशिवनीच्या गाडीत बसवून दिलं. मला वाटलं होतं, आता तरी मटका ती माझ्याकडे ठेवील. मी तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "काहून? तू धुशीन." मी खाली उतरून खिडकीतून चिंध्यांत गुंडाळलेला मटका वर दिला. तिनं तो डाव्या हातानं ओढून मांडीवर घेतला. कंडक्टर आला, टपाचं काहीतरी बोलला. अक्कानं दातांनी बटवा उघडून ते जुनं अर्धं तिकीट बाहेर काढलं. त्याच्यावरची शाई केव्हाच उडाली होती, कोरा कागद होता, पण तिनं तो त्याच्या नाकासमोर धरला.

गाडी सुरू झाली. मी दोन पावलं सरकले. तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"कुसमे."

"काय?"

"एकेचाळीस बऱ्या होत्या."

मी चिंचोक्यांचं कुणाला बोलले नव्हते. मी चुलीपाशी बसून रोट्यांतून तिला पाहत होते, तेव्हा ती पलीकडून त्याच रोट्यांतून मला पाहत होती, आणि मोजत होती. गाडी वळली आणि गेली. मी तिथंच उन्हात उभी होते.

एकेचाळीस नाही. त्रेचाळीस होत्या. दोन तिनं कापल्या.